छातीत कळ आली की पुढच्या दोन तासांत काय होतं? हृदयविकाराचं निदान आणि उपचार किती बदलले आहेत?

समजा, पहाटेची वेळ आहे. तळवड्यातल्या कारखान्यात रात्रपाळी संपवून एक कामगार चिखलीतल्या घरी परततोय. वय ४४. छातीच्या मधोमध दाब जाणवतोय, डावा हात जड पडलाय, घाम फुटलाय. बायको म्हणते, "पित्त झालं असेल, रात्री वडापाव खाल्लात ना." तो थंड दूध पितो आणि आडवा होतो. उजाडेपर्यंत थांबू, मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊ, असं ठरतं.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण असं थांबणं अजिबात दुर्मीळ नाही. २००८ साली 'द लॅन्सेट'मध्ये 'क्रिएट' नावाची भारतातली मोठी नोंद प्रसिद्ध झाली. तिच्यात ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांमधले २०,९३७ रुग्ण होते. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा त्यांचा मध्यक वेळ ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास निघाला. रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारं औषध मिळायला मात्र साधारण ५० मिनिटंच लागत होती. उशीर मुख्यतः घरी आणि रस्त्यात होत होता.

त्यानंतर हृदयविकाराच्या निदानात आणि उपचारात बरंच काही नवं आलं. इंटरनेटला जोडलेले ईसीजी, तासाभरात निर्णय देणाऱ्या रक्तचाचण्या, एका दमात देता येणारं इंजेक्शन, रक्तवाहिनीच्या आतून चित्र काढणारा कॅमेरा, छाती न उघडता बसवता येणारी झडप. यातलं काय कधी उपयोगी पडतं आणि चिखली, मोशी, भोसरी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने काय लक्षात ठेवायचं, ते क्रमाने पाहूया.

हार्ट अटॅकमध्ये नेमकं काय होतं?

हृदय शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतं. ते त्याला तीन प्रमुख रक्तवाहिन्यांमधून मिळतं. या वाहिन्यांच्या आतल्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी तयार होते आणि वाहिनी बंद पडते. त्या वाहिनीच्या पुढचा स्नायू रक्तावाचून मरायला लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात.

स्नायू मरण्याची प्रक्रिया अर्ध्या तासाच्या आसपास सुरू होते आणि पुढचे काही तास चालू राहते. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. त्यामुळे वाहिनी लवकर उघडली तर हृदय बरंचसं वाचतं. उशिरा उघडली तर माणूस वाचतो, पण पुढे जिना चढतानाही धाप लागते. डॉक्टर म्हणतात, 'वेळ म्हणजेच स्नायू', ते यामुळेच.

दक्षिण आशियातल्या लोकांना हा झटका लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात पहिल्या झटक्याचं सरासरी वय आपल्या भागात ५३ वर्षं होतं, तर इतर देशांत सुमारे ५९. म्हणजे नोकरीची, कर्जाच्या हप्त्यांची आणि मुलांच्या शिक्षणाची वर्षं चालू असतानाच.

झटका आणि 'हृदय बंद पडणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात वाहिनी बंद पडते, माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो आणि बोलत असतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाचे ठोकेच बिघडतात किंवा थांबतात आणि माणूस क्षणात कोसळतो. पहिल्यामुळे दुसरं होऊ शकतं. म्हणून झटका आलेल्या माणसाला एकटं सोडू नये.

पहिली दहा मिनिटं: ईसीजी

ईसीजीची मशीन शंभर वर्षांहून जुनी आहे. डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांना त्यासाठी १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आजही छातीत दुखणाऱ्या रुग्णासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची पहिली चाचणी आहे. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढून कुणा जाणकाराने तो पाहावा, असा जगभरचा नियम आहे.

अडचण कागद काढण्याची नसते, तो वाचण्याची असते. पहाटे चार वाजता छोट्या दवाखान्यात हृदयरोगतज्ज्ञ नसतो. नव्या तंत्रज्ञानाने मोठा बदल केला तो इथेच. ईसीजीची मशीन मोबाइलच्या जाळ्याला जोडलेली असते. आलेख काढला की तो सर्व्हरवर जातो, संगणकाचा प्रोग्राम त्यातल्या धोक्याच्या खुणा शोधतो, दूर बसलेला डॉक्टर ते तपासतो आणि काही मिनिटांत उत्तर परत येतं. बंगळुरूच्या ट्रायकॉग कंपनीची सेवा अशाच पद्धतीने चालते.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने 'स्टेमी महाराष्ट्र' या प्रकल्पात याच कल्पनेचा वापर केला. गावातलं किंवा तालुक्याचं रुग्णालय म्हणजे चाकाची आरी आणि कॅथलॅब असलेलं मोठं रुग्णालय म्हणजे चाकाचा आस. आरीच्या टोकाला ईसीजी निघतो, निदान होतं, पहिलं औषध दिलं जातं आणि मग रुग्ण आसाकडे जातो. 'स्टेमी' म्हणजे वाहिनी पूर्ण बंद पडल्याचं ईसीजीवर उघड दिसणारा, सगळ्यात घातक प्रकारचा झटका.

कृत्रिम बुद्धिमत्ता इथे डॉक्टरची जागा घेत नाही. हजार आलेखांमधला धोक्याचा एक आलेख ती रांगेत सगळ्यात पुढे आणून ठेवते. शेवटचा निर्णय माणूसच घेतो.

ईसीजी नॉर्मल आला. मग सुटलो?

नाही. झटका येत असतानाही पहिला ईसीजी नॉर्मल दिसू शकतो. म्हणून त्रास चालू असेल तर थोड्या थोड्या वेळाने तो पुन्हा काढतात. सोबत रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. जुन्या चाचण्यांमध्ये ते दिसायला बरेच तास लागायचे. आता 'हाय सेन्सिटिव्हिटी' चाचणी आली आहे. ती इतकी सूक्ष्म मात्रा मोजते, की एक नमुना आल्याबरोबर आणि दुसरा एक, दोन किंवा तीन तासांनी घेऊन बहुतेक रुग्णांबाबत निर्णय करता येतो. दोन आकड्यांतला फरक पाहिला जातो. आकडा चढत असेल तर हृदयाला ताजी इजा होते आहे. दोन्ही आकडे अगदी कमी आणि स्थिर असतील तर झटक्याची शक्यता फार कमी.

यातून रुग्णाने एवढं समजून घ्यायचं, की 'एक ईसीजी काढला, नीट होता, घरी पाठवलं' हे नेहमीच पुरेसं नसतं. दुखणं चालू असेल तर "ट्रोपोनिन करायचं का, दुसरा नमुना कधी घ्यायचा?" असं विचारण्यात गैर काही नाही.

आणखी एक खबरदारी. मूत्रपिंडाचा आजार किंवा गंभीर जंतुसंसर्ग असतानाही ट्रोपोनिन वाढू शकतं. त्यामुळे नुसता रिपोर्ट पाहून घरच्यांनी निष्कर्ष काढू नये.

हिंजवडीत बनणारं इंजेक्शन

वाहिनी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. औषधाने गुठळी विरघळवायची, किंवा कॅथलॅबमध्ये नेऊन फुग्याने वाहिनी उघडायची. दुसरा मार्ग वेळेत मिळत असेल तर तो जास्त चांगला. निदान झाल्यापासून साधारण १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल, तर थेट तिकडेच न्यावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ते शक्य नसेल तर जिथे आहे तिथेच गुठळी विरघळवणारं औषध द्यावं आणि मग पुढे पाठवावं.

पूर्वी यासाठी मुख्यतः स्ट्रेप्टोकायनेज वापरलं जायचं. ते सलाइनमधून अर्धा ते एक तास हळूहळू द्यावं लागतं. आता टेनेक्टेप्लेज हे औषध आहे. रुग्णाच्या वजनानुसार मात्रा ठरवायची आणि शिरेतून काही सेकंदांत एकच इंजेक्शन द्यायचं. त्यामुळे ते छोट्या रुग्णालयातही वापरता येतं. भारतात मिळणारं 'एलॅक्सिम' हे टेनेक्टेप्लेज पुण्याची जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी हिंजवडीत बनवते. चिखलीहून दिसणारा हा औद्योगिक पट्टा गाड्यांच्या सुट्या भागांसाठी ओळखला जातो, पण हृदय वाचवणारं हे औषधही याच शहराच्या कडेला तयार होतं.

त्याचा उपयोग किती? 'स्ट्रीम' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्रास सुरू होऊन तीन तासांच्या आत आलेले, पण तासाभरात अँजिओप्लास्टी मिळू न शकणारे १,८९२ रुग्ण त्यात होते. आधी टेनेक्टेप्लेज देऊन नंतर अँजिओग्राफी केलेल्यांचे आणि थेट अँजिओप्लास्टी केलेल्यांचे परिणाम जवळपास सारखे आले. मात्र औषध दिलेल्या गटात मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं. म्हणून ७५ वर्षांपुढच्या रुग्णांसाठी मात्रा निम्मी करण्यात आली.

औषधाने साधारण तिघांपैकी एका रुग्णाची वाहिनी पुरेशी उघडली नाही आणि त्यांना तातडीने कॅथलॅबमध्ये न्यावं लागलं. याचा अर्थ, इंजेक्शन हा उपचाराचा शेवट नाही. इंजेक्शननंतर 'बरं वाटतंय' म्हणून घरी जाणं धोक्याचं आहे.

तमिळनाडूत छोटी रुग्णालयं, रुग्णवाहिका आणि कॅथलॅब एका साखळीत जोडून २,४२० रुग्णांचा अभ्यास झाला. साखळी सुरू होण्यापूर्वी वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ टक्के होतं, नंतर ते १४.२ टक्के झालं. त्यासाठी नवं यंत्र शोधावं लागलं नाही. होतं तेच वेळेवर पोहोचवलं गेलं.

कॅथलॅबमध्ये काय बदललं?

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जागं असलेल्या रुग्णाच्या हृदयाच्या वाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. १९८६ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या हृदयवाहिनीत स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळी बसवली गेली. २००२-०३ पासून औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि जाळीच्या आत वाहिनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण खूप कमी झालं. आता आणखी काही गोष्टी बदलल्या आहेत.

*मनगटातून प्रवेश.* पूर्वी नळी मांडीच्या शिरेतून घालत आणि रुग्णाला तासन्‌तास पाय सरळ ठेवून झोपावं लागे. आता बहुतेक ठिकाणी मनगटातून नळी घालतात. रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर उठून बसतो.

*वाहिनीच्या आतला कॅमेरा.* साध्या अँजिओग्राफीत वाहिनीची सावली दिसते. आयव्हीयूएस ध्वनिलहरींनी आणि ओसीटी प्रकाशाने वाहिनीच्या आतलं चित्र काढतं. चुना किती साचलाय, स्टेंट भिंतीला नीट चिकटलाय का, हे कळतं. गुंतागुंतीच्या ब्लॉकेजवर झालेल्या एका कोरियन अभ्यासात (२०२३, १,६३९ रुग्ण) आतून पाहून केलेल्या अँजिओप्लास्टीत पुढच्या अडचणी ७.७ टक्के रुग्णांना आल्या, नुसत्या अँजिओग्राफीवर केलेल्यात १२.३ टक्के.

*चुना फोडणाऱ्या लहरी.* मुतखडा फोडायला लहरी वापरतात हे अनेकांना माहीत असतं. तेच तत्त्व आता हृदयाच्या वाहिनीत वापरलं जातं. फुग्यातून निघणाऱ्या धक्का-लहरी भिंतीतल्या कडक चुन्याला तडे पाडतात आणि मग स्टेंट नीट फुलतो. याच कामासाठी हिऱ्याची बारीक कणी लावलेलं फिरतं ड्रिल, म्हणजे रोटाब्लेशन, आधीपासून आहे.

*औषध लावलेला फुगा.* काही ठिकाणी, विशेषतः जुन्या स्टेंटच्या आत पुन्हा ब्लॉकेज झालं असेल तर, नवी जाळी न घालता औषधाचा लेप असलेला फुगा फुगवून काढून घेतात.

प्रत्येक रुग्णाला हे सगळं लागत नाही. साध्या ब्लॉकेजला साधा स्टेंट पुरतो. "माझ्या बाबतीत हे का लागतंय?" हा प्रश्न विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

स्टेंट केवढ्याला?

औषधाचा लेप असलेल्या स्टेंटसाठी एके काळी रुग्णाला लाखाच्या पुढे मोजावे लागत. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कमाल किंमत ठरवली. साध्या धातूच्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधाच्या लेपाच्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये, कर वेगळा. नंतर ही मर्यादा वेळोवेळी बदलत गेली, पण मर्यादा कायम आहे. बिलावर स्टेंटचं नाव, कंपनी आणि किंमत वेगळी लिहिलेली असायला हवी. मर्यादा फक्त स्टेंटला आहे. फुगा, तारा, कॅथलॅब, खोली, डॉक्टरांची फी यांचा खर्च वेगळा असतो.

खर्चासाठी दोन सरकारी दारं आहेत.

एक, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' म्हणून सुरू झाली. आता आयुष्मान भारतसोबत ती एकत्र राबवली जाते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही तिच्यात आहेत. रुग्णालय योजनेशी जोडलेलं असायला हवं. तिथे 'आरोग्यमित्र' बसतो, आधी त्याला गाठायचं. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८.

दोन, ईएसआयसी. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना ती लागू आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये तिचं रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरमध्ये आहे. कंत्राटी कामगारांनी आपला विमा क्रमांक खरोखर चालू आहे का, ठेकेदार वर्गणी भरतोय का, हे तब्येत चांगली असतानाच पाहून ठेवावं. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभं राहून हे तपासायला वेळ नसतो.

त्रास नाही, पण ब्लॉकेज आहे. स्टेंट घालायचाच का?

इथे तंत्रज्ञानाने एक वेगळंच काम केलं आहे. कुणाला उपचाराची गरज *नाही*, हे दाखवलं.

सीटी अँजिओग्राफीत नळी न घालता, हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन वाहिन्यांचं त्रिमितीय चित्र मिळतं. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांवर झालेल्या 'स्कॉट-हार्ट' अभ्यासात नेहमीच्या तपासण्यांसोबत सीटी केलेल्यांमध्ये पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचं प्रमाण २.३ टक्के होतं. सीटी न केलेल्यांमध्ये ते ३.९ टक्के होतं. मुख्य कारण असं, की आजार नेमका दिसल्यावर योग्य औषधं योग्य माणसाला सुरू झाली.

एफएफआर ही दुसरी पद्धत. ब्लॉकेज किती 'टक्के' दिसतंय यापेक्षा त्याने रक्ताचा प्रवाह खरंच अडतोय का, हे वाहिनीतला दाब मोजून ठरवतात. २००९ च्या 'फेम' अभ्यासात या मोजणीने रुग्णामागे सरासरी २.७ ऐवजी १.९ स्टेंट लागले आणि तरी परिणाम चांगले आले.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते. त्यांचा आजार स्थिर होता, म्हणजे झटका आलेला नव्हता. आधी औषधं देऊन थांबणं आणि लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास करणं यांत मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. छातीतल्या दुखण्याचा त्रास मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झाला. मुख्य डाव्या वाहिनीत मोठं ब्लॉकेज असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते, त्यामुळे त्यांना हा निष्कर्ष लागू नाही.

थोडक्यात, झटका चालू असताना मिनिटामिनिटाला किंमत असते. आजार स्थिर असताना मात्र दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला वेळ असतो. या दोन परिस्थितींची गल्लत केली की नुकसान होतं. पहिल्यात लोक थांबतात आणि दुसऱ्यात घाबरून घाई करतात.

झडप आणि पेसमेकर

वय वाढलं की काहींच्या हृदयाची महाधमनीची झडप कडक होऊन नीट उघडत नाही. पूर्वी छाती उघडून झडप बदलणं हाच उपाय होता. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ इथे आलँ क्रिबिए यांनी नळीतून नवी झडप बसवली. त्याला टावी म्हणतात. आता ती मांडीच्या वाहिनीतून बसवतात. वापीच्या मेरिल कंपनीची 'मायव्हाल' ही भारतीय झडपही वापरात आहे. मात्र खर्च अजून अनेक लाखांत जातो.

पेसमेकरमध्येही बदल झाला. नेहमीच्या पेसमेकरचा डबा छातीच्या कातडीखाली असतो आणि तारा हृदयात जातात. वायरविरहित पेसमेकर औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढा असतो आणि थेट हृदयाच्या आत बसवला जातो.

हातातलं घड्याळ झटका ओळखतं का?

ओळखत नाही. २०१८ पासून काही स्मार्टवॉचमध्ये ईसीजीची सोय आली. ती एका बाजूचाच आलेख काढते, रुग्णालयातला ईसीजी बारा बाजूंनी पाहतो. घड्याळाचा खरा उपयोग ठोक्यांची अनियमितता, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, शोधण्यासाठी आहे. या विकाराने पक्षाघाताचा धोका वाढतो. अॅपलच्या ४ लाख १९ हजार लोकांच्या अभ्यासात ०.५२ टक्के लोकांना अनियमित ठोक्यांची सूचना मिळाली. सूचना आली तर डॉक्टरांकडे जावं. पण छातीत दुखत असताना 'घड्याळ नॉर्मल दाखवतंय' म्हणून घरी बसणं चुकीचं आहे.

नवी औषधं कोणती?

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन ही गोळी अजूनही पाया आहे. तिने भागत नसेल तर इंजेक्शनं आहेत. इन्क्लिसिरान हे इंजेक्शन सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर वर्षातून दोनदा घेतात आणि त्याने वाईट कोलेस्टेरॉल साधारण निम्मं होतं. ते महाग आहे. लिपोप्रोटीन-ए ही रक्तचाचणी घराण्यातून आलेला धोका दाखवते. ती आयुष्यात एकदा केली तरी पुरते. कमी वयात झटका आलेल्यांच्या भावंडांनी आणि मुलांनी तिच्याबद्दल विचारावं.

हृदय कमजोर झालेल्यांसाठी मोठा बदल मधुमेहाच्या गोळ्यांनी केला. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी मधुमेह नसलेल्या रुग्णांचंही रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण घटतं, असं दिसून आलं. भारतात पहिलीचं पेटंट २०२० मध्ये आणि दुसरीचं मार्च २०२५ मध्ये संपलं. त्यानंतर अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमती उतरल्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तीन सल्ले

*"जोरजोरात खोकला, अटॅक थांबतो."* खोकल्याने बंद वाहिनी उघडत नाही. खोकत बसण्यात वेळ जातो.

*"जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा."* ज्यांना डॉक्टरांनी आधी लिहून दिली आहे त्यांच्यासाठी ती गोळी आहे. रक्तदाब कमी असेल किंवा सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल, तर ती जीवघेणी ठरू शकते.

*"ॲस्पिरिन चावून खा."* यात तथ्य आहे. ॲस्पिरिनने झटक्यातल्या मृत्यूंचं प्रमाण घटतं. पण ॲलर्जी, पोटात रक्तस्राव किंवा पक्षाघाताची शंका असेल तर नको. १०८ वर बोलताना विचारून घ्यावं. आणि गोळी घेतली म्हणून रुग्णालयात जायचं टाळू नये.

चिखलीतून निघायचं तर कसं?

टाळगाव चिखली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. महापालिकेचं सगळ्यात मोठं रुग्णालय म्हणजे पिंपरीच्या संत तुकारामनगरमधलं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, लोकांच्या तोंडी 'वायसीएम'. चिखली गावातून ते सात-आठ किलोमीटरवर आहे. अंतर फार नाही. पण पाळी सुटण्याच्या वेळी स्पाइन रोड, टेल्को रोड आणि थरमॅक्स चौकातून जाणाऱ्यांना हे सात किलोमीटर कसे असतात ते माहीत आहे. चाकणहून येणाऱ्याला तर मोशीची कोंडी आधी पार करावी लागते.

म्हणून चार गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात.

१. *स्वतः गाडी चालवायची नाही.* दुचाकीवर मागे बसूनही नाही. १०८ ही राज्याची मोफत सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यातल्या २३३ प्रगत जीवनरक्षक सुविधांच्या होत्या. फोनवर 'छातीत दुखतंय' हे शब्द स्पष्ट सांगावेत.

२. *रात्री उघडी असलेली कॅथलॅब माहीत असावी.* घरापासून जवळच्या दोन रुग्णालयांना आजच फोन करून विचारावं. रात्री दोन वाजता अँजिओप्लास्टी होते का? जन आरोग्य योजना किंवा ईएसआयसी चालते का? उत्तर कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवावं.

३. *कारखान्यात कुणाला काय येतं ते पाहावं.* १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यात अँब्युलन्स रूम बंधनकारक केली. पण चिखली-कुदळवाडीतल्या छोट्या शेडमध्ये आठ-दहा माणसं असतात. तिथे निदान दोघांना सीपीआर यायला हवा. कुणी कोसळलं आणि श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं. जवळ एईडी यंत्र असेल तर ते चालू करावं. ते स्वतः ठोके वाचतं आणि गरज असेल तरच शॉक देतं.

४. *जुने कागद एका पिशवीत ठेवावेत.* जुना ईसीजी, औषधांची चिठ्ठी, आधार, रेशन कार्ड, विमा क्रमांक. जुन्या ईसीजीशी तुलना केली की नवा बदल लगेच कळतो.

पित्त की हृदय, घरी कसं ओळखायचं?

घरी खात्रीने ओळखता येत नाही. छातीत दाब किंवा भरून आल्यासारखं वाटणं, कळ जबड्याकडे, पाठीत किंवा हातात जाणं, थंड घाम, धाप आणि मळमळ या खुणा आहेत. बायका, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांना छातीत न दुखताही नुसता दम लागणं, घाम, प्रचंड थकवा एवढंच जाणवू शकतं. त्रास काही मिनिटांत थांबला नाही, तर ईसीजी काढायचाच.

ईसीजीला काही मिनिटं लागतात आणि खर्च काही शे रुपयांच्या आत असतो. तो नॉर्मल आला आणि पित्तच निघालं, तर एक फेरी वाया गेली. पण सुरुवातीच्या प्रसंगातल्या कामगाराने सकाळपर्यंत वाट पाहिली, तर तोवर हृदयाचा बराचसा स्नायू मेलेला असेल. मग हिंजवडीतलं इंजेक्शन, मनगटातून जाणारी नळी, लेप लावलेला स्टेंट, हे सगळं जवळ असूनही त्याच्या फारसं कामी येणार नाही.